एकाच माणसाचे तीन हुद्दे: अमेरिकी यादवी युद्धात हुकूम नक्की कोणाचा चालायचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. गेटिसबर्गच्या लढाईवर (१ ते ३ जुलै १८६३) मराठीत लेखमाला लिहायची आहे, त्यासाठी दोन्ही सैन्यांचा अधिकारतक्ता करायला घेतला, पण हुद्दे जुळेनात. उत्तरेचा घोडदळ अधिकारी कस्टर एका ठिकाणी कॅप्टन, दुसऱ्या ठिकाणी ब्रिगेडियर जनरल आणि पुढे लेफ्टनंट कर्नल. ब्रिगेड आहे, पण तिच्यावर ब्रिगेडियर नाही, कर्नल आहे. उत्तरेचा सेनापती मेजर जनरल मीड याच्या हाताखाली सात कोअर आणि त्या सातांवरही मेजर जनरलच. ‘यातलं चूक कुठलं धरायचं आणि कोण कोणापेक्षा वरिष्ठ हे ठरवायचं कसं?’

चूक बहुतेक कुठलंच नाही. अडचण अशी की आपण हुद्दा आणि नेमणूक एकाच रकान्यात भरायला जातो. हुद्दा म्हणजे माणसाच्या नावापुढे लागलेला अधिकार, आणि नेमणूक म्हणजे त्या दिवशी त्याच्या हाती दिलेलं काम. शांततेच्या काळात दोन्ही बरोबरीने चालतात म्हणून फरक जाणवत नाही. युद्धात, त्यातही घाईघाईने उभारलेल्या सैन्यात, ते फार लांब जातात. सैन्यात असताना माझा बराच काळ नेमणुकांच्या कागदांत गेला आणि निवृत्तीनंतर या युद्धाचे असेच तक्ते करण्याचा नाद लागला, म्हणून जरा सविस्तर लिहितो. आपल्याकडे या युद्धाची आठवण मुंबईतली कापसाची तेजी आणि १८६५ ची शेअरबाजारातली पडझड यापुढे सहसा जात नाही, त्यामुळे थोडी पार्श्वभूमी लागेल. फौजेची चढण अशी: कंपनी, रेजिमेंट, ब्रिगेड, डिव्हिजन, कोअर, सेना. हुद्द्यांची अशी: लेफ्टनंट, कॅप्टन, मेजर, लेफ्टनंट कर्नल, कर्नल, ब्रिगेडियर जनरल, मेजर जनरल, लेफ्टनंट जनरल, जनरल.

आधी उत्तरेकडचं, म्हणजे राष्ट्राध्यक्ष लिंकनच्या केंद्र सरकारच्या बाजूचं बघू. १८६१ च्या सुरुवातीला अमेरिकेचं कायमचं सैन्य जेमतेम सोळा हजारांचं होतं. युद्ध पेटल्यावर लिंकनने आधी तीन महिन्यांसाठी ७५,००० माणसं मागितली आणि मग तीन-तीन वर्षांच्या बोलीवर लाखोंची स्वयंसेवक फौज उभी राहिली. म्हणजे एकाच झेंड्याखाली दोन सैन्यं झाली: कायमचं सैन्य आणि स्वयंसेवक सैन्य. एकाच अधिकाऱ्याचं दोन्हीकडे नाव असू शके, आणि दोन्हीकडचे हुद्दे वेगळे. स्वयंसेवक सैन्यातला हुद्दा युद्धापुरता होता, तर कायमच्या सैन्यातला पेन्शनपर्यंत टिकणारा.

या हिशेबाने गेटिसबर्गच्या आदल्या आठवड्यातला मीड बघा. स्वयंसेवकांचा मेजर जनरल, म्हणून उत्तरेची एवढी मोठी पोटोमॅक सेना त्याच्या हाती. पण कायमच्या सैन्यात तो तेव्हा इंजिनिअर खात्यातला मेजर होता! तिथला ब्रिगेडियर जनरलचा हुद्दा त्याला मिळाला तो ३ जुलै १८६३ या तारखेपासून, म्हणजे लढाईच्या शेवटच्या दिवसापासून.

कस्टरचंही हेच. लढाईच्या दोन-तीन दिवस आधी, वयाच्या तेविसाव्या वर्षी, तो स्टाफवरच्या कॅप्टनचा एकदम स्वयंसेवकांचा ब्रिगेडियर जनरल झाला. त्याच्याबरोबर मेरिट आणि फार्न्सवर्थ हे आणखी दोन कॅप्टन तसेच वर उचलले गेले, आणि फार्न्सवर्थ पाच दिवसांच्या आत मारला गेला. युद्ध संपलं, स्वयंसेवक सैन्य विसर्जित झालं आणि मेजर जनरलपर्यंत चढलेला कस्टर कायमच्या सैन्यात पुन्हा कॅप्टन झाला. १८६६ त त्याला सातव्या घोडदळाचा लेफ्टनंट कर्नल केलं आणि १८७६ त लिटल बिगहॉर्नला मूळ रहिवाशांशी लढताना तो पडला तेव्हाही कागदावर लेफ्टनंट कर्नलच होता. लोक मात्र त्याला शेवटपर्यंत ‘जनरल’ म्हणत. तेव्हा तुमच्याकडच्या तिन्ही नोंदी खऱ्या आहेत, फक्त त्या वेगवेगळ्या वर्षांच्या आणि वेगवेगळ्या सैन्यांच्या आहेत.

लोक त्याला जनरल म्हणत याचं आणखी एक कारण म्हणजे ब्रेव्हेट. पराक्रमाबद्दल किंवा सेवेबद्दल दिलेला हा मानाचा हुद्दा. राष्ट्राध्यक्षांनी मुद्दाम त्या हुद्द्यावर काम नेमून दिल्याशिवाय त्याने हाती फौज येत नसे. युद्धाच्या अखेरीला ब्रेव्हेटांची खिरापत वाटली गेली. १३ मार्च १८६५ ही तारीख तुम्हाला इतक्या नावांपुढे दिसेल की छपाईची चूक वाटावी. ‘ब्रेव्हेट ब्रिगेडियर जनरल’ असलेले हजारावर लोक आहेत आणि त्यातल्या बहुतेकांनी त्या हुद्द्यावर एक दिवसही ब्रिगेड चालवलेली नाही. १८६३ च्या तक्त्यात १८६५ चं ब्रेव्हेट घुसवू नका. मला सर्वांत जास्त सापडणारा घोळ हाच.

आता नेमणारे कोण? इथे सगळं राज्यावर, वर्षावर आणि माणसावर अवलंबून. रेजिमेंट राज्यं उभी करत, म्हणून कर्नलपर्यंतचे अधिकारी नेमायचा हक्क राज्याच्या गव्हर्नरचा. जनरल नेमायचे राष्ट्राध्यक्षांनी, मंजुरी सिनेटची. सुरुवातीला कित्येक कंपन्यांत शिपायांनी मतं देऊन कॅप्टन आणि लेफ्टनंट निवडले. इलिनॉयचा गव्हर्नर येट्स याने जून १८६१ मध्ये २१ व्या इलिनॉय रेजिमेंटवर एक माजी कॅप्टन कर्नल म्हणून नेमला. सात वर्षांपूर्वी राजीनामा देऊन घरी बसलेला हा माणूस म्हणजे पुढे उत्तरेचा सरसेनापती झालेला ग्रँट. त्या वेळी नोकरीत असलेल्या धंदेवाईक अधिकाऱ्यांना सरसेनापती स्कॉट कायमच्या पलटणींतून सोडायला नाखूश होता. त्यामुळे गंमत अशी झाली की ज्यांनी सैन्य सोडलं होतं त्यांचा रस्ता सुरुवातीला जास्त मोकळा राहिला.

गव्हर्नरांच्या या हक्काचा एक परिणाम तुमच्या तक्त्यात थेट दिसेल. जुनी रेजिमेंट झिजली की तिच्यात नवी भरती ओतण्यापेक्षा नवी रेजिमेंट उभारणं गव्हर्नरांना सोयीचं, कारण नवी रेजिमेंट म्हणजे कर्नल, लेफ्टनंट कर्नल आणि मेजरपासून पुढच्या कितीतरी जागा वाटायला मोकळ्या. विस्कॉन्सिनसारखं एखादं राज्य जुन्या रेजिमेंटा भरत राहिलं आणि त्याबद्दल उत्तरेचा सेनापती शर्मन याने त्या राज्याची वाखाणणी केली. बाकीच्यांच्या कागदावर हजाराच्या असलेल्या रेजिमेंटा १८६३ पर्यंत तीनशेवर आल्या. माणसं कमी झाली की रिकामी झालेली वरची जागा भरायलाही अडथळा येई, मग रेजिमेंट लेफ्टनंट कर्नल किंवा कॅप्टन चालवायचा आणि तिथला कर्नल ब्रिगेडवर जायचा. गेटिसबर्गच्या लिटल राउंड टॉप टेकडीवर उभी राहिलेली ब्रिगेड कर्नल स्ट्राँग व्हिन्सेंटची होती. २ जुलैला तो जखमी झाला, ७ जुलैला गेला, आणि ब्रिगेडियरचा हुद्दा त्याला ३ जुलै या तारखेने दिला गेला. तक्त्यात त्याच्या नावापुढे ‘कर्नल’च लिहायचं.

मेजर जनरलवर मेजर जनरल कसा, हा तुमच्या प्रश्नातला खरा गाभा. उत्तरेकडे १८६४ पर्यंत त्याच्या वरचा प्रत्यक्ष हुद्दाच नव्हता. स्कॉट लेफ्टनंट जनरल होता, पण तोही ब्रेव्हेट. म्हणजे डिव्हिजनवाला, कोअरवाला आणि सेनापती, तिघेही मेजर जनरल असू शकत. मग श्रेष्ठ कोण? सरकारी नोकरीत असलेल्या कोणालाही हे सांगावं लागणार नाही: सेवाज्येष्ठता यादी. ज्याच्या नेमणूकपत्रावरची तारीख आधीची तो वरिष्ठ. तारीख एकच असेल तर त्याआधीचा हुद्दा आणि कायमच्या सैन्यातली पूर्वीची नोकरी बघायची.

ही तारीख किती बोचते याचा एक छोटा प्रसंग सांगतो. १८६१ च्या ऑगस्टमध्ये ग्रँट आणि बेंजामिन प्रेंटिस हे दोघेही इलिनॉयचे नवे ब्रिगेडियर जनरल झाले, आणि दोघांच्याही नेमणुकीची तारीख मागे नेऊन १७ मे धरली होती. राज्याच्या फौजेत आपण आधीपासून ब्रिगेडियर होतो तेव्हा आपणच वरिष्ठ, असं प्रेंटिसला वाटे. ग्रँट पूर्वी कायमच्या सैन्यात कॅप्टन होता, त्यामुळे नियमाने पारडं त्याच्याकडे झुकत होतं. आग्नेय मिसूरीत केप जिरार्डोजवळ दोघांची गाठ पडली आणि ग्रँटने हुकूम दिला. प्रेंटिसने तो मानला नाही, रजा टाकली आणि थेट सेंट लुइसचं मुख्यालय गाठलं. मुख्यालयाने ग्रँटची बाजू घेतली. शत्रू समोर आणि दोन जनरल तारखा उगाळताहेत, हे वाचून हसू येतं. पण तिथे प्रेंटिसचं म्हणणं खरं ठरलं असतं तर त्या भागातली मोहीम ग्रँटच्या नावावर राहिली नसती. पुढे एप्रिल १८६२ त शायलोच्या लढाईत हाच प्रेंटिस ग्रँटच्या हाताखाली दिवसभर एक जागा धरून बसला आणि संध्याकाळी कैद झाला.

तारीख मागे नेता येते हे कळल्यावर ती नेण्याचा मोह कोणाला सुटणार? ऑक्टोबर १८६२ मध्ये उत्तरेचा एक सेनापती ब्युएल याला काढून रोझक्रान्सला सेना द्यायची ठरली. पण जॉर्ज थॉमस त्याच्यापेक्षा वरिष्ठ होता: थॉमसची तारीख २५ एप्रिल, रोझक्रान्सची १७ सप्टेंबर. थॉमसने हरकत घेतली. वॉशिंग्टनने मग रोझक्रान्सची तारीखच उचलून २१ मार्चवर नेली. वाद मिटला आणि थॉमस गप्प बसला. जुन्या यादीत एक तारीख आणि नव्या यादीत दुसरी दिसली की माझा हात आधी इकडे जातो: बदल कधी झाला आणि कोणाला ओलांडण्यासाठी झाला?

एवढी खटपट का, तर ज्येष्ठता ओलांडण्याचा उघड रस्ता अर्धवटच खुला होता. ४ एप्रिल १८६२ ला काँग्रेसने ठराव केला की एकाच हुद्द्याचे दोन किंवा अधिक अधिकारी एका ठिकाणी असतील तर राष्ट्राध्यक्ष ज्येष्ठता न बघता त्यांतल्या कोणालाही नेतृत्व देऊ शकतात. हा ठराव फार लोक लक्षात घेत नाहीत, पण माझ्या मते उत्तरेची सगळी नेमणूकव्यवस्था त्याच्यावर उभी आहे. उत्तरेने वरचे हुद्दे वाढवले नाहीत हे त्यामुळे एका अर्थी पथ्यावरच पडलं. सगळे मेजर जनरल म्हणजे सगळे ‘एकाच हुद्द्याचे’, म्हणजे राष्ट्राध्यक्षांना निवडीला रान मोकळं.

कायद्याने हक्क मिळाला म्हणून माणसांचा अहंकार थोडाच जातो. जून १८६२ मध्ये उत्तरेची नवी व्हर्जिनिया सेना जॉन पोपला दिली तेव्हा त्याच्या हाताखालचे तिन्ही कोअर-प्रमुख, फ्रेमाँट, बँक्स आणि मॅक्डॉवेल, त्याच्यापेक्षा वरिष्ठ होते. फ्रेमाँट काम सोडून निघून गेला. १८६४ च्या जुलैत अटलांटाजवळ टेनेसी सेनेचा प्रमुख मॅक्फर्सन मारला गेल्यावर शर्मनने ती सेना हॉवर्डला दिली. वरिष्ठ हूकर चिडून बाजूला झाला. एके काळी चॅन्सलर्सव्हिलला हाच हॉवर्ड त्याच्या हाताखाली होता, आणि तिथल्या पराभवाचं खापर हूकर त्याच्यावर फोडत होता. हूकरला हे सहन होणं शक्यच नव्हतं.

याउलट वरिष्ठाचा मान राखायला गेलं तर काय होतं, ते बर्नसाइडच्या नवव्या कोअरने दाखवलं. मे १८६४ मध्ये ही कोअर पोटोमॅक सेनेच्या शेजारीच लढत होती. पण बर्नसाइड मीडपेक्षा वरिष्ठ, म्हणून ती मीडच्या हाताखाली न देता थेट ग्रँटच्या हाताखाली ठेवली. विल्डरनेस आणि स्पॉट्सिल्व्हेनियाच्या लढाया अशाच झाल्या, शेजारच्या फौजेला निरोप द्यायचा तर एक पायरी वर चढून परत खाली उतरायचं. २४ मेला ग्रँटने ही कोअर मीडच्या सेनेत घातली. बर्नसाइडने कुरकुर केली नाही, एवढं श्रेय त्याला द्यायला हवं.

आता तुमच्या गेटिसबर्गकडे. २८ जूनच्या पहाटे मेरीलँडमधल्या फ्रेडरिकजवळ मीडला नेतृत्व मिळालं तेव्हा सेजविक आणि स्लोकमसारखे कोअर-प्रमुख त्याच्यापेक्षा वरिष्ठ होते. त्या वेळी वॉशिंग्टनमधला सरसेनापती हॅलेक याने त्याला पत्राने कळवलं होतं की सेनेतल्या कोणालाही काढ आणि योग्य वाटेल त्याला नेम. मीडने हे अधिकार तीनच दिवसांत वापरले. १ जुलैला सकाळी पहिल्या कोअरचा प्रमुख रेनॉल्ड्स गेटिसबर्गला पडला आणि ती बातमी टॅनीटाउनला मीडकडे पोचली. मीडने दुसऱ्या कोअरच्या हॅनकॉकला पुढे जाऊन तिथल्या सगळ्या फौजेचा ताबा घ्यायला सांगितलं. हॉवर्ड आधीच रणांगणावर होता, आणि दोघांच्या मेजर जनरलपदाची तारीख एकच, २९ नोव्हेंबर १८६२. हॉवर्ड ब्रिगेडियर मात्र हॅनकॉकच्या वीस दिवस आधी झाला होता, म्हणून वरिष्ठ तो. सेमेटरी टेकडीवर दोघांची भेट झाली तेव्हा हॉवर्डने ज्येष्ठतेचा मुद्दा काढला, हॅनकॉकने मीडचा हुकूम सांगितला. नेमके शब्द काय झाले याची वर्णनं एकमेकांशी जुळत नाहीत, तेव्हा संवाद लिहायचा मोह आवरा. झालं एवढंच की टेकडीची एक बाजू एकाने सांभाळली आणि दुसरी दुसऱ्याने. संध्याकाळी स्लोकम आला. तो दोघांनाही वरिष्ठ, म्हणून ताबा त्याच्याकडे गेला आणि मध्यरात्रीनंतर मीड स्वतः पोचला. म्हणजे एका दिवसात त्या टेकडीवरचा अधिकार पुन्हापुन्हा हात बदलत गेला. तुमच्या तक्त्यात १ जुलैसाठी तासांचा रकाना हवा, दिवसाचा पुरणार नाही.

हॅनकॉक पुढे गेला तेव्हा त्याची दुसरी कोअर गिबनकडे सोपवली गेली. गिबन ब्रिगेडियर जनरल, आणि त्याच कोअरमधला दुसरा डिव्हिजनवाला कॉल्डवेल त्याच्यापेक्षा काही दिवसांनी वरिष्ठ. इथेही हॅलेकच्या पत्राचा आधार घेतला गेला. तुमच्या मसुद्यात ‘गिबन, प्रभारी’ असं लिहिलंत तर बरोबर होईल.

राजकारणी जनरलांबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण तक्ता करताना ते अडखळवणारच. बँक्स, बटलर आणि डिक्स यांची तारीख १६ मे १८६१. तिघेही राजकारणातले, आणि स्वयंसेवकांच्या यादीत जवळजवळ सगळ्यांच्या वर. त्यांची टिंगल करणं सोपं आहे. पण युद्धाला पाठिंबा देणारे डेमोक्रॅट, जर्मन वस्ती आणि निरनिराळी राज्यं यांना बरोबर ठेवल्याशिवाय लिंकनला फौजच मिळाली नसती, हा हिशेब टीकाकार सोयीने विसरतात. किंमत मात्र रणांगणावर मोजावी लागली. १८६४ त बटलर ज्येष्ठतेने मीडच्याही वर होता, म्हणजे ग्रँट कुठे गेला तर अधिकार बटलरकडे जाणार. त्याला हलवण्याचं धाडस झालं ते लिंकनची फेरनिवडणूक आटोपल्यावर आणि फोर्ट फिशरवरचा हल्ला फसल्यावर, जानेवारी १८६५ मध्ये. तुमच्या लढाईत या जातीचा एकच कोअर-प्रमुख आहे, न्यूयॉर्कचा माजी काँग्रेस-सदस्य सिकल्स. बाकी सगळे वेस्ट पॉइंटचे.

दक्षिणेचा, म्हणजे फुटून निघालेल्या राज्यांचा तक्ता त्या मानाने पटकन होईल. त्यांच्याकडे जनरलचे चार हुद्दे होते आणि ते कामाशी बरेचसे जुळत: ब्रिगेडला ब्रिगेडियर, डिव्हिजनला मेजर जनरल, ऑक्टोबर १८६२ पासून कोअरला लेफ्टनंट जनरल आणि सेनेला पूर्ण जनरल. म्हणून दक्षिणेचा कोअर-प्रमुख लाँगस्ट्रीट लेफ्टनंट जनरल आणि समोरचा हॅनकॉक मेजर जनरल असला तरी दोघांचं काम एकाच पायरीचं. हुद्द्याला हुद्दा लावून तुलना करू नका.

पण भांडणं तिथेही होती, आणि सर्वांत महागात पडलेलं भांडण तारखेचंच. १८६१ च्या ऑगस्टअखेर दक्षिणेचा राष्ट्राध्यक्ष जेफरसन डेव्हिस याने पाच पूर्ण जनरल ठरवले आणि त्यांचा क्रम तारखांनी लावला: कूपर, अल्बर्ट सिडनी जॉन्स्टन, ली, जोसेफ जॉन्स्टन, बोरेगार्ड. जोसेफ जॉन्स्टन जुन्या सैन्यात क्वार्टरमास्टर जनरल (रसद खात्याचा प्रमुख) या नात्याने ब्रिगेडियर जनरल होता, वरचे तिघे कर्नल. जुना क्रम पाळू असं दक्षिणेच्या कायद्यात म्हटलं होतं. जोसेफ जॉन्स्टनने सप्टेंबरात डेव्हिसला लांबलचक, दुखावलेलं पत्र लिहिलं आणि उत्तर चार ओळींचं, झोंबणारं आलं. डेव्हिसची बाजू अशी की ते ब्रिगेडियरपद स्टाफचं होतं, लढाऊ फौजेत तू लेफ्टनंट कर्नलच होतास. कागद बघितले तर मला जॉन्स्टनचा दावा जास्त वजनदार वाटतो. मात्र त्याने पत्र तसं लिहायला नको होतं. दोघांचं पुढे कधीच जमलं नाही. १८६४ च्या जुलैत अटलांटाच्या वेशीवर डेव्हिसने त्याला काढलं आणि हूडला तात्पुरता पूर्ण जनरल करून बसवलं. हूडचा तो हुद्दा कायम झालाच नाही.

दक्षिणेत निवडणुकाही उत्तरेपेक्षा जास्त काळ रेंगाळल्या. एप्रिल १८६२ च्या सक्तीच्या भरतीच्या कायद्याबरोबर जुन्या रेजिमेंटांना आपले अधिकारी पुन्हा निवडायची मुभा मिळाली. शिस्तीचा कडक आणि जिभेचा तिखट ‘ग्रंबल’ जोन्स पहिल्या व्हर्जिनिया घोडदळात हरला आणि फिट्झ ली निवडून आला. गेटिसबर्गच्या मोहिमेत दोघेही ब्रिगेडियर म्हणून दिसतात, म्हणून हा तपशील सांगितला.

फोटोंवरून दक्षिणेचा हुद्दा ओळखायला जाऊ नका. त्यांच्या सगळ्या जनरलांच्या कॉलरवर नियमाने तेच चिन्ह असे, पानांच्या वेढ्यात तीन तारे, मग तो ब्रिगेडियर असो की पूर्ण जनरल. दक्षिणेचा सेनापती रॉबर्ट ली तर बहुतेक वेळा वेढ्याविना तीन तारे लावी, जे कर्नलचं चिन्ह होतं.

तक्त्यासाठी मी प्रत्येक नावापुढे चार गोष्टी लिहितो: कायमच्या सैन्यातला हुद्दा, स्वयंसेवक सैन्यातला हुद्दा, त्या हुद्द्याची तारीख आणि त्या दिवशीची नेमणूक. ब्रेव्हेट असलंच तर खाली बारीक अक्षरात. दक्षिणेसाठी पहिल्या रकान्यात युद्धाआधीचा अमेरिकी हुद्दा लिहा, जॉन्स्टनसारखे वाद तिथेच उलगडतात. आधी १ जुलैची दुपार भरून बघा. सर्वांत किचकट तीच आहे, आणि अडलात तर नावं आणि तारखा घेऊन इथेच विचारा.